नावेतला हॅरिस

भाऊबीज उरकली की आम्ही चौघे मित्र दरवर्षी पाठीला वळकट्या मारून एखादा गड चढतो. शाळा सुटल्यापासूनचा हा नेम. चौघांत कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन मला एकट्याला, त्यामुळे निम्म्या चढणीवर दम लागला की कोणीतरी हमखास विचारतो, "काय मास्तर, आमच्यावर कधी लिहिणार?" तेव्हा मी त्यांना जेरोमची गोष्ट सांगतो.

जेरोम के. जेरोम १८५९ साली इंग्लंडात जन्मला. आईबाप पोरवयातच गेले. रेल्वेतली हलकी नोकरी, नाटकातली कामे, मास्तरकी, वकिलाकडची कारकुनी, असे नाना उद्योग त्याने केले. पैसा नव्हता, पण मित्र होते. जॉर्ज विन्ग्रेव्ह हा बँकेतला कारकून त्याच्याच बिऱ्हाडात राहत असे. दुसरा कार्ल हेन्शेल. त्याची ओळख झाली ती नाटकगृहाच्या स्वस्त जागांच्या दाराशी. हे तिघे रविवारी आगगाडीने रिचमंडला जात आणि होडी भाड्याने घेऊन थेम्स नदीवर दिवस काढीत.

१८८८ साली जेरोमचे लग्न झाले आणि त्यानंतर लगेच तो लिहायला बसला. मनात होता थेम्सचा इतिहास! काठावरचे राजवाडे, जुन्या लढाया, आणि तोंडी लावायला थोडी गंमत. झाले भलतेच. गंमतच पानभर पसरली आणि इतिहास कोपऱ्यात गेला. उरलासुरला इतिहासही 'होम चाइम्स' मासिकाचे संपादक रॉबिन्सन यांनी बहुतेक छाटून टाकला. १८८९ साली ब्रिस्टलच्या अ‍ॅरोस्मिथने पुस्तक काढले, तेच 'थ्री मेन इन अ बोट'. पुस्तकातला जॉर्ज म्हणजे विन्ग्रेव्ह, हॅरिस म्हणजे हेन्शेल. माँटमोरेन्सी नावाचे कुत्रे तेवढे कल्पनेतले. गंमत अशी, की कादंबरीतल्या हॅरिसला गुत्त्याची वाट नेमकी सापडते. खरा हेन्शेल मात्र तिघांत एकटाच दारूला न शिवणारा!

टीकाकारांनी नाके मुरडली. भाषा बाजारू ठरवली. वाचकांनी मात्र पुस्तक डोक्यावर घेतले. अमेरिकेत चोरून छापलेल्या प्रतीच दहा लाखांवर गेल्या. पण तिथला तेव्हाचा कायदा परदेशी लेखकाचा हक्क मानीत नव्हता, म्हणून जेरोमच्या हाती त्यातले काही आले नाही. १९०० साली त्याने याच तिघांना सायकलींवर बसवून जर्मनीच्या 'ब्लॅक फॉरेस्ट'मध्ये फिरवले. 'थ्री मेन ऑन द बमेल' हे ते पुस्तक. जर्मनांच्या शिस्तीची त्यात थट्टा आहे, पण मायेची.

इथपर्यंत माझे मित्र हसत असतात. पुढचा भाग मी कित्येक वर्षे सांगतच नसे.

१९१४ साली महायुद्ध पेटले. हेन्शेलचा छपाईचे ठसे करण्याचा धंदा तोवर चांगला नावारूपाला आला होता. कोणीतरी आवई उठवली, की हा जर्मन आहे! वास्तविक तो पोलंडात जन्मलेला. पण अशा वेळी खरे कोण विचारतो? धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांनी संधी साधली आणि उभा केलेला धंदा कोसळला. लाखो लोकांना हसवणारा हॅरिस आपल्याच शहरात परका ठरला. जेरोमने १९२६ सालच्या आत्मचरित्रात मित्राची ही हकिगत स्पष्ट लिहून ठेवली. दुसऱ्या वर्षी तो वारला. मित्राचे देणे त्याने वेळेत फेडले, असे मला वाटते.

माझे राहिले होते. आमच्यातल्या एकाचे किराणा दुकान आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या तराजूबद्दल गावात कंडी पिकली. ती खोटी आहे हे मला पक्के ठाऊक होते. चारचौघांत मास्तरच्या शब्दाला वजन असते, हेही ठाऊक होते. मी नोकरी सांभाळली आणि गप्प बसलो. त्याने सावरले, पण दोन वर्षे लागली. त्या दोन्ही वर्षी तो आमच्याबरोबर गडावर आला आणि एका शब्दाने बोलला नाही.

गेल्या दिवाळीत राजगडावर, शेकोटीपाशी, मी हेन्शेलची गोष्ट प्रथमच शेवटापर्यंत सांगितली. मग माझीही. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी दुकानदार उठला, चहाचे आधण ठेवले आणि म्हणाला, "मास्तर, आता लिहा आमच्यावर. आणि माझा तराजू घाला त्यात."

तो घातला आहे.