चाळिशी

चष्म्याला आपल्याकडे चाळिशी म्हणतात, ते वयावरूनच. त्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होत जाते, जवळचे अक्षर पुसट दिसते आणि पुस्तक लांब धरायला हात पुरत नाही. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मा निघाला. आपल्या खेड्यापाड्यांत तो यायला पुढे कित्येक शतके गेली. तोवर आपल्या बायकांचे कसे भागत असेल?

वाचनावाचून फारसे अडले नसावे. आपल्या शास्त्राचे नावच श्रुत, म्हणजे ऐकलेले. मंदिरात एकाने पोथी वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. भक्तामर तर पाठच.

अडायचे ते स्वयंपाकघरात. तांदळातला सोंडा, डाळीतली अळी, भाजीच्या पानामागचा बारीक जीव. हे सगळे हातभर अंतरावरचे काम, आणि नेमकी तिथलीच नजर आधी जाते. म्हणून म्हाताऱ्या सूप घेऊन उंबऱ्याशी उन्हात बसत. भरपूर उजेडात डोळ्याची बाहुली आकसते आणि जवळचे जरा स्पष्ट दिसते. कारण ठाऊक नसले तरी अनुभव होता. माझ्या आजेसासूबाई निवडून झाले की सूप नातीपुढे सरकवत. दिवेलागणीनंतर त्यांनी धान्याला कधी हात लावला नाही.

मुनींना मात्र सूप दुसऱ्यापुढे सरकवता येत नाही. चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचे ही ईर्यासमिती, आणि ओंजळीतला प्रत्येक घास शोधून घ्यायचा ही एषणासमिती. आचार्य शांतिसागर महाराजांचा जन्म १८७२चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजजवळच्या येळगुळचा. १९२० साली त्यांनी मुनिदीक्षा घेतली आणि पुढे देशभर पायी विहार केला. ऐंशी ओलांडल्यावर त्यांची नजर मंदावली. शास्त्र वाचून दाखवणारे मिळतात, पण पायाखालची मुंगी दुसऱ्याच्या डोळ्यांनी टाळता येत नाही. अहिंसा महाव्रत आता निर्दोष पाळले जाणार नाही, म्हणून त्यांनी सल्लेखना घेतली. (डोळ्यांचे ऑपरेशन टाळणाऱ्या आपल्यातल्या काही जणी महाराजांचा दाखला देतात. मला ते पटत नाही. ते महाव्रती होते. आपल्याला धान्य निवडायचे आहे आणि त्यासाठी डोळे हवेत.)

१४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरीवर त्यांनी ते व्रत घेतले. १८ सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, तिथेच त्यांची समाधी झाली.