अग्निशस्त्रे व अल्पवयीन मुले
शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ नुसार २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस अग्निशस्त्र बाळगता येत नाही आणि तिला ते विकणे वा हस्तांतरित करणे निषिद्ध आहे. देणारे आईवडील असले तरी सूट नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणापुरता अपवाद असून, शस्त्र नियम, २०१६ अन्वये १२ वर्षांवरील मुलांना प्रौढांच्या देखरेखीखाली सराव करता येतो. वडिलोपार्जित बंदूकही वारसाला आपोआप मिळत नाही. त्याला स्वतःचा परवाना लागतो. न्हावा शेवा परिसरात परवाना देण्याचे अधिकार नवी मुंबई पोलीस आयुक्तांकडे, तर आयुक्तालयाबाहेरील रायगडमध्ये जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहेत.