मराठवाड्यांत शिवसेना कां वाढली?

औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या टापूंत शिरड शहापूर हें आमचें गांव. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळें दूरदूरचे यात्रेकरू येथें येतात. एरवीं बाहेरच्या जगानें दखल घ्यावी असें येथें फारसें कांहीं घडत नाहीं. सुमारें १९८८ सालीं, मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षास असतां, सुटींत गांवीं आलों तों मोटार-थांब्यापाशीं एक नवी पाटी दिसली. भगव्या रंगावर डरकाळी फोडणारा वाघ, आणि खालीं शाखेचें नांव. पाटीखालच्या बांकावर बसलेले पांचसहा तरुण माझ्या ओळखीचेच होते. एक शिंप्याचा मुलगा, एकाच्या वडिलांची पिठाची गिरणी, दोघे तीन-तीन एकर कोरडवाहूचे धनी असलेल्या मराठ्यांचे. यांपैकीं कोणाच्याही घरचा मनुष्य पंचायत समितीच्या कचेरींत अर्जदार म्हणूनच काय तो गेलेला; तेथें खुर्चीवर बसलेला कोणी नव्हता. मुंबई तर त्यांतील एकानेंही पाहिली नव्हती. तरी त्या बांकावर ते ज्या ऐटीनें बसले होते, तशी ऐट मीं त्यांच्या अंगीं पूर्वीं कधीं पाहिली नव्हती.

मुंबईच्या कचेऱ्यांतील नोकऱ्यांच्या तंट्यांतून जन्मास आलेला एक पक्ष शेंकडों मैल दूरच्या या कोरडवाहू मुलखांत कसा रुजला, याचा विचार मी तेव्हांपासून अधूनमधून करीत आलों आहें. उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं.

या पक्षाचें मूळ सर्वांच्या परिचयाचें आहे. १ मे १९६० रोजीं संयुक्त महाराष्ट्र स्थापन झाला. परंतु ज्या राजधानीसाठीं रक्त सांडलें तिच्याच कचेऱ्यांत आपणांस खुर्ची नाहीं, ही मराठी मध्यमवर्गाची तक्रार तशीच उरली. त्याच वर्षीं ऑगस्टच्या १३ तारखेस बाळ ठाकरे यांनीं ‘मार्मिक’ हें व्यंगचित्र-साप्ताहिक काढलें, आणि पुढें त्यांत मोठमोठ्या कंपन्यांतील परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नांवांच्या याद्या छापूं लागले. निराळा युक्तिवाद करण्याचें कारणच पडलें नाहीं. यादी हाच युक्तिवाद होता. १९ जून १९६६ रोजीं शिवसेना निघाली. १९६७ सालीं ठाण्याची नगरपालिका, १९६८ सालीं मुंबई महापालिकेंत ४२ जागा, १९७० सालीं परळच्या पोटनिवडणुकींत वामनराव महाडिक हे पहिले आमदार, अशी तिची चाल झाली. ही पोटनिवडणूक कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनामुळें घ्यावी लागली होती, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. त्यानंतरचीं दीड दशकें सेना मुंबई-ठाण्याच्या वेशींतच फिरत राहिली. १९८५ सालीं मुंबई महापालिका तिच्या हातीं आली, आणि मग तिची दृष्टि घाटापलीकडे वळली.

पण घाटापलीकडे तिला काय सांपडणार होतें? मुंबईंत ज्या दाक्षिणात्याविरुद्ध तिनें रान उठविलें तो मराठवाड्यास परका नव्हताच. आसफजाही छत्राखालीं मराठी, तेलुगु आणि कानडी मुलूख सव्वादोनशें वर्षें एकत्र राहिले होते. तेलुगु व्यापारी आणि कानडी पुजारी हे आमच्या आजोबांचे शेजारी होते, प्रतिस्पर्धी नव्हते. कचेऱ्यांतील जागांची गोष्ट तर बोलावयासच नको. कचेऱ्याच नव्हत्या, तेथें जागा कोणी बळकावणार? मुंबईचें भांडवल येथें आणून विकणें शक्य नव्हतें. सेनेस येथें नवा शत्रु आणि नवा भक्त असे दोन्ही शोधावे लागले, आणि ते तिला आश्चर्य वाटावें इतक्या लवकर सांपडले.

भक्त प्रथम. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाड्याचे पांच जिल्हे मुंबई राज्यांत सामील झाले ते १९५३ च्या नागपूर करारांतील आश्वासनें गांठीशीं बांधून. १९७४ सालीं त्या आश्वासनांचा हिशेब विद्यार्थ्यांनीं रस्त्यावर मागितला. रुंद रेल्वेमार्ग, कारखाने, नोकऱ्या या त्यांच्या मागण्या होत्या. दुसऱ्याच वर्षीं नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९८४ सालीं दांडेकर समितीनें अनुशेषाचीं कोष्टकें मांडून तक्रार आकड्यांनिशीं खरी ठरविली. परंतु कोष्टक वाचून कोणी गांवांत पाटी लावीत नाहीं. मधल्या काळांत येथें विकास झाला नाहीं असें नव्हे. साखर कारखाने निघाले, जिल्हा बँका निघाल्या, शिक्षणसंस्था निघाल्या. आणि त्या साऱ्यांच्या खुर्च्या प्रत्येक तालुक्यांत दोनचार घराण्यांत वांटून गेल्या. नव्या महाविद्यालयांनीं बी. ए. झालेल्या मुलांची एक पिढी निर्माण केली. त्याच संस्थांच्या चालकांनीं तिला दारांत उभें केलें. काँग्रेसमध्यें शिरावयाचें तर कोणाचा तरी पुतण्या असावें लागे. सेनेच्या शाखेंत शिरावयास केवळ येणें पुरे होतें. शिंप्याचा मुलगा शाखाप्रमुख होई, तहसीलदारापुढें टेबलावर हात आपटी, रेशनच्या दुकानदारास जाब विचारी. त्यानें किती प्रश्न सोडविले हा भाग निराळा. त्याला विचारलें जाऊं लागलें, ही गोष्ट मोठी होती, आणि जे तिला क्षुद्र समजतात त्यांनीं दारांत उभें राहून कधीं पाहिलेलें नसतें.

मात्र हें दार सर्वांस उघडें नव्हतें. २७ जुलै १९७८ रोजीं मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें केला, आणि त्यानंतर मराठवाड्यांत दलित वस्त्या जळाल्या. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत कहर झाला, टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. तेव्हां येथें सेना नव्हती. तो विखार आमचाच, घरचा होता. पण पुढें सेना आली ती नामांतरास उघड विरोध करीत. बांकावर मराठ्याशेजारीं शिंपी बसला ही तिची करामत खरी. त्याच बांकावर बौद्धवाड्यांतला तरुण बसलेला मला दिसला नाहीं. १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्तार झाला तोंपर्यंत सोळा वर्षें उलटलीं होतीं.

आतां शत्रु. तो सेनेनें इतिहासांतून घेतला, आणि एका इतिहासाच्या शिक्षकास सर्वांत अधिक खुपणारी गोष्ट हीच आहे. निजामी राजवटीच्या अखेरच्या दोन वर्षांत रझाकारांनीं जें केलें तें आमच्याकडे प्रत्येक घरांत सांगितलें जाई. माझी आजी दिवेलागणीनंतर दार लावतांना तें सांगत असे. परंतु शाळेच्या पुस्तकांत शिवाजी होता, टिळक होते, गांधी होते. आमचा १९४८ नव्हता. असल्यास एका ओळीचा. मुंबई-पुण्यास लिहिलेल्या महाराष्ट्राच्या इतिहासांत आमच्या मुक्तीस जागा मिळाली नाहीं, म्हणून ती घरांतच मुरत राहिली. सेनेच्या वक्त्यांनीं व्यासपीठावरून ‘रझाकार’ हा शब्द उच्चारला तेव्हां, माझ्या आजीची गोष्ट कोणी तरी प्रथमच चारचौघांत मोठ्यानें सांगितली असें लोकांस वाटलें. त्या टाळ्यांत कृतज्ञता होती हें मान्य केलें पाहिजे.

फक्त ती गोष्ट अर्धी होती. कासीम रझवी हा लातूरचा वकील. १९२७ सालीं निघालेल्या मजलिसचें अध्यक्षपद १९४६ सालीं त्याच्याकडे आलें. या पक्षाचा सिद्धांत असा कीं, राज्याचें सार्वभौमत्व एकट्या निजामाच्या ठायीं नसून प्रत्येक मुसलमानाच्या ठायीं आहे. टांगेवाल्यास, विणकऱ्यास त्यानें सांगितलें कीं, तूंच राजा आहेस. ज्यास वस्तुतः कोठेंच खुर्ची नाहीं त्यास कल्पनेंतलें सिंहासन देणें ही विद्या, म्हणजे, या मातींत जुनीच होती. पण त्याच हैदराबादेंत ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान यानें भारतांत विलीन व्हा असें लिहिलें, आणि २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्रीं रझाकारांनीं त्याचा खून केला. स्वामी रामानंद तीर्थांचा लढा राजवटीविरुद्ध होता, धर्माविरुद्ध नव्हता. आणि १७ सप्टेंबरनंतर काय झालें? पंडित नेहरूंनीं पाठविलेल्या सुंदरलाल समितीनें पोलिस कारवाईच्या काळांत व तिच्यानंतर मारले गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. मृत बहुतांशीं मुसलमान, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पोळलेले. तो अहवाल कित्येक दशकें कपाटांत राहिला. माझ्या आजीनें या गोष्टीचा उच्चार कधीं केला नाहीं. तिला ठाऊक नव्हतें असें मला वाटत नाहीं. सरकारनें एक अर्ध लपविलें, पुस्तकांनीं दुसरें गाळलें, आणि उघड्यावर पडलेलें तें दुसरें अर्ध सेनेनें उचललें.

पुढील घटना वेगानें घडल्या. १९८८ सालीं औरंगाबाद महापालिकेच्या पहिल्याच निवडणुकींत सेना सर्वांत मोठा पक्ष ठरली, आणि विजयसभेंत ठाकरे यांनीं शहराचें संभाजीनगर असें नामकरण करून टाकलें. सरकारी मोहोर त्यावर उमटावयास पस्तीस वर्षें लागलीं. (आमच्या गांवाच्या नांवांत शिरड आणि शहापूर अद्याप शेजारीं नांदत आहेत.) १९८९ सालीं औरंगाबादेहून मोरेश्वर सावे आणि परभणीहून अशोकराव देशमुख लोकसभेवर गेले, १९९१ सालीं हिंगोलीहून विलासराव गुंडेवार. विधानसभेंत १९९० सालीं ५२ आणि १९९५ सालीं ७३ जागा मिळून मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. परभणीची एक मौज सांगण्याजोगी आहे. तेथून सेनेनें निवडून दिलेले देशमुख, सुरेश जाधव, तुकाराम रेंगे, गणेश दुधगांवकर हे एकामागून एक पक्ष सोडून गेले, आणि दर खेपेस मतदारांनीं नवा मनुष्य शोधला, चिन्ह तेंच ठेवलें. मतें माणसाला नव्हतीं, पाटीला होतीं.

असें केवळ आमच्याच मुलखांत घडतें अशी समजूत कोणी करून घेऊं नये. रुमानियांत २०१९ सालीं एक राष्ट्रवादी पक्ष निघाला. त्याच्या नांवाच्या आद्याक्षरांचा त्या भाषेंत ‘सोनें’ असा अर्थ होतो. त्याचा एक संस्थापक जॉर्ज सिमिऑन पूर्वीं मोल्दोवा रुमानियास जोडावा म्हणून चळवळ करीत असे. पण २०२० च्या डिसेंबरांत पक्षास सुमारें ९ टक्के मतें पडलीं त्यांत मोल्दोवाचा वाटा थोडा. साथीच्या काळांतील निर्बंधांस विटलेले लोक, आणि इटलींत मजुरीस गेलेले रुमानियन कामगार यांचा वाटा मोठा. २०२४ सालीं तीं मतें दुप्पट झालीं, आणि २०२५ च्या मे महिन्यांत सिमिऑन अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरींत प्रथम येऊन दुसऱ्या फेरींत हरला. मुंबईच्या सेनेस दाक्षिणात्य जसा, तसा त्यास मोल्दोवा. पक्ष ज्या भांडणासाठीं जन्मतो तें भांडण आणि ज्यांच्या बळावर तो वाढतो तीं माणसें यांचा संबंध बहुधा सैलच असतो.

सत्ता आल्यावर सेनेनें आमच्यासाठीं काय केलें? १ मे १९९९ रोजीं परभणींतून हिंगोली जिल्हा वेगळा काढला. ही सोय खरी, जिल्ह्याची कचेरी जवळ आली. पण नव्या जिल्ह्यांतही नव्या खुर्च्यांभोंवतीं नवीं घराणीं जमूं लागलीं. जून २०२२ मध्यें पक्ष फुटला, ४० आमदार एकनाथ शिंदे यांच्यासमवेत गेले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें निवडणूक आयोगानें नांव आणि धनुष्यबाण त्यांस दिलें. २०२४ सालीं हिंगोलींत दोन सेनाच एकमेकींसमोर उभ्या होत्या. ठाकरे गटाचे नागेश पाटील आष्टीकर निवडून आले. पाटीला मत देण्याची ज्यांस संवय झाली होती त्यांस पाटी कोणती हेंच कळेना.

मागल्या दिवाळींत गांवीं गेलों असतां त्या शिंप्याच्या मुलाची गांठ पडली. तो आतां माझ्याच वयाचा, म्हणजे साठीकडे झुकलेला. वडिलांच्याच दुकानांत बसतो, मुलगा पुण्यास एका गोदामांत कामास आहे. चहा झाल्यावर त्यानें मला माळ्याकडे बोट दाखविलें. ती पहिली पाटी तेथें पोत्यांत गुंडाळून ठेविली होती. दोन्ही बाजूंची माणसें ती मागावयास येऊन गेलीं म्हणाला. मीं विचारलें, मग दिली कां नाहींस? तो म्हणाला, “सर, तिचे पैसे आम्ही सहाजणांनीं भरले होते.”