डावखुऱ्यांचे रिव्हॉल्व्हर : परवानाधारकाने निवड कशी करावी?

सातारा जिल्ह्यातील माण आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी-खानापूर हा सारा पट्टा दुष्काळी. पावसाने पाठ फिरवली म्हणून येथील माणसे घराबाहेर पडली. त्यातूनच गलाईचा व्यवसाय देशभर पसरला. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देणारी या भागातील कुटुंबे आज देशाच्या कानाकोपऱ्यांतील सराफ पेठांत स्थिरावली आहेत. मौल्यवान धातू आणि रोकड यांची रोजची ने-आण हा या धंद्याचा अविभाज्य भाग आहे. त्यामुळे स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना घ्यावा काय, हा प्रश्न अशा घरांत निघतो. परवाना मिळाल्यावर शस्त्र कोणते घ्यावे, हा पुढचा प्रश्न. घेणारा डावखुरा असेल तर मात्र या प्रश्नाला आणखी एक पदर असतो आणि त्याचा विचार बहुधा शस्त्र हाती आल्यावरच केला जातो.

सुमारे दहा माणसांमागे एक माणूस डावखुरा असतो. विळ्याची धार उजव्या हाताच्या हिशेबाने लावलेली असते, हे डावखुऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते. तो लोहाराला सांगून आपल्यापुरता विळा करून घेतो. पिस्तुलाच्या बाबतीत ही सोय नाही. शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरबदल करण्यासही शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. एखाद्या कारागिराकडून खटका दुसऱ्या बाजूला बसवून घेणे हा गुन्हा ठरू शकतो, शिवाय ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच डावखुऱ्याने निवड करतानाच डोळसपणे करणे आवश्यक आहे.

कायद्याची चौकट

जिल्ह्यात शस्त्र परवाना जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी देतात. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत हा अधिकार पोलिस आयुक्तांकडे असतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे पूर्ण असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे बाळगता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे करण्यात आली. लग्न-वरातीत आनंदाच्या भरात गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विनापरवाना गावठी कट्टा बाळगणाऱ्यास किमान दोन वर्षे तुरुंगवास आहे.

शस्त्र झाकून बाळगण्याविषयी आपल्याकडे बराच गैरसमज आढळतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत शस्त्र लपवून बाळगण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागत असे. काही राज्यांत ती आजही लागते. भारतात याच्या उलट स्थिती आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल अंगावरील होल्स्टरमध्ये अथवा तत्सम पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलेच पाहिजे. कमरेला दिसेल असे लटकावणे किंवा दाखवत फिरणे याला मुभा नाही. त्यामुळे झाकून बाळगण्यास सोयीचे शस्त्र निवडणे हा केवळ आवडीचा भाग राहत नाही.

बाजारात काय मिळते?

सामान्य नागरिकाला ९ मिलिमीटर, ०.३८ किंवा ०.४५५ बोअरची शस्त्रे मिळत नाहीत. ती प्रतिबंधित गटात मोडतात. हाती राहते ते प्रामुख्याने ०.३२ बोअर, म्हणजे रिव्हॉल्व्हर किंवा ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल. खासगी व्यक्तींसाठी परदेशी बनावटीच्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे एक तर भारतीय कारखान्यांचे नवे शस्त्र घ्यावे लागते, नाही तर पूर्वी देशात आलेले जुने विदेशी शस्त्र रीतसर हस्तांतर करून घ्यावे लागते.

कानपूरच्या सरकारी कारखान्यातील ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर वेब्ली घराण्याच्या जुन्या रचनेवर बेतलेले आहे. २०१४ मध्ये आलेले 'निर्भीक' हे सुमारे अर्धा किलो वजनाचे हलके रिव्हॉल्व्हर कानपूरचेच. ऑगस्ट २०२३ मध्ये ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने 'प्रबल' बाजारात आणले. त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम आणि नळी ७६ मिलिमीटर लांबीची आहे. पिस्तुलांमध्ये ईशापूर रायफल फॅक्टरीचे 'अशनी' परिचित आहे.

डाव्या हाताची अडचण नेमकी कोठे?

रिव्हॉल्व्हरची नळी, घोडा आणि चाप मध्यरेषेवर असतात. त्यामुळे केवळ गोळी झाडण्यात डाव्या-उजव्याचा फरक जवळजवळ पडत नाही. अडचण येते ती भरताना आणि रिकामे करताना.

'प्रबल'सारख्या प्रकारात काडतुसांचे सिलिंडर बाजूला उघडते. जगभर या धाटणीच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांत ते डावीकडे उघडते आणि ते मोकळे करणारा खटका उजव्या अंगठ्याखाली येईल असा डाव्या बाजूला असतो. डावखुऱ्याला हा खटका डाव्या तर्जनीने किंवा उजव्या अंगठ्याने दाबावा लागतो. त्यानंतर बहुतेक जण शस्त्र उजव्या हातात घेऊन डाव्या हाताने काडतुसे भरतात. अमेरिकेतील चार्टर आर्म्स कंपनीने उजवीकडे उघडणारे 'साउथपॉ' हे रिव्हॉल्व्हर खास डावखुऱ्यांसाठी काढले. आपल्याकडील ग्राहकाला मात्र तो पर्याय उपलब्ध नाही.

वेब्ली धाटणीचे रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडते. नळी खाली झुकते आणि काडतुसे आपोआप वर उचलली जातात. उघडण्याचा खटका याही प्रकारात डाव्या बाजूला असल्याने तो डाव्या अंगठ्याने दाबता येत नाही, उजव्या हाताची मदत घ्यावी लागते. परंतु एकदा उघडल्यावर सिलिंडर दोन्ही बाजूंनी सारखेच मोकळे असते. शस्त्र डाव्या हातातच ठेवून उजव्या हाताने काडतुसे भरता येतात. ही जुनी रचना डावखुऱ्याला नव्या रचनेपेक्षा अधिक सोयीची ठरते ती याच कारणाने.

पिस्तुलाची गोष्ट निराळी. बहुतेक जुन्या पिस्तुलांत सेफ्टीचा खटका डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या अंगठ्याशी असतो. वॉल्थर पीपी आणि ब्राउनिंगचे १९१० चे पिस्तूल ही त्याची उदाहरणे. घाईच्या क्षणी डावखुऱ्याचा अंगठा खटक्यावर पडत नाही, त्याला पकड बदलावी लागते. मॅगझीन सोडण्याचे बटणही वॉल्थरमध्ये डावीकडेच असते; ब्राउनिंगच्या या पिस्तुलात ते मुठीच्या तळाशी असल्याने दोन्ही हातांना सारखे पडते. रिकामी पुंगळी उजवीकडे उडते. हात लांब करून नेम धरल्यास त्याचा फारसा त्रास होत नाही. मात्र ती पुंगळी उजव्या हातावर किंवा चेहऱ्याकडे येऊ शकते, हे लक्षात ठेवून सरावात चष्मा लावावा. दोन्ही बाजूंना खटके असलेली किंवा बटणाची बाजू बदलता येणारी आधुनिक पिस्तुले परदेशात सर्रास मिळतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या डावखुऱ्या नातेवाइकाचा सल्ला ऐकताना हा फरक ध्यानात घ्यावा. त्यांच्या दुकानातील माल आपल्या दुकानात नसतो.

आधी डोळा तपासावा

नेम हाताइतकाच डोळ्यावर अवलंबून असतो. लहानपणी शाळेत पाटीवर उजव्या हाताने लिहायला लावल्याने अनेक डावरे लोक स्वतःला उजवे समजतात. खुरपे कोणत्या हाती येते, गोफण कोणत्या हाताने फिरते, हे पाहिले की खरा हात कळतो. डोळ्यासाठी सोपी चाचणी आहे. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करावी आणि तिच्यातून दूरचा एखादा कळस पाहावा. माणमधील वाचकाला शिखर शिंगणापूरचे देऊळ त्यासाठी उत्तम. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना कळस खिडकीत राहतो, तो प्रधान डोळा. हात डावा आणि प्रधान डोळा उजवा अशी जोडी असेल, तर शस्त्र किंचित उजव्या डोळ्यासमोर आणून नेम धरता येतो. त्यासाठी हात बदलण्याची गरज सहसा पडत नाही.

होल्स्टर, सदरा आणि गाडी

दुकानात मिळणारे होल्स्टर बहुधा उजव्या कमरेसाठी शिवलेले असते. ते डावीकडे लावल्यास मूठ उलट्या दिशेला येते आणि पट्ट्याचे बटण अंगठ्याला सापडत नाही. डाव्या बाजूचेच होल्स्टर मागावे किंवा जाड, ताठ चामड्याचे शिवून घ्यावे. चापाभोवतीचा भाग संपूर्ण झाकला जाणे आणि शस्त्र काढल्यावरही होल्स्टरचे तोंड मिटून न जाणे, या दोन अटींवर तडजोड करू नये. झाकण्यासाठी सैल सदरा किंवा जाकीट पुरते. विजारीच्या खिशात मोकळे शस्त्र ठेवणे मात्र सर्वथा टाळावे.

आपल्याकडे चालक गाडीत उजवीकडे बसतो. सीटबेल्टचे कुलूप त्यामुळे त्याच्या डाव्या कमरेशी, नेमके डावखुऱ्याच्या होल्स्टरजवळ येते. पट्टा लावताना-सोडताना शस्त्राला धक्का लागतो, सदरा वर सरकतो आणि शस्त्र उघडे पडते. होल्स्टर थोडे पुढे किंवा मागे सरकवून, रिकाम्या शस्त्रानिशी, गाडीत बसून पाहिल्याशिवाय जागा निश्चित करू नये.

वजन आणि धक्का

हलके शस्त्र अंगावर जाणवत नाही, पण गोळी झाडताना त्याचा धक्का अधिक बसतो. दिवसभर बाळगायचे असेल तर 'निर्भीक'सारखे वजन सुखाचे. सराव नियमित करायचा असेल तर थोडे जड शस्त्र हाताला स्थिर वाटते. मुठीवरील पकड डाव्या हाताला भरते काय, तर्जनीचे पेर चापावर सहज पोहोचते काय, हे विक्रेत्याच्या परवानगीने रिकामे शस्त्र हातात घेऊनच ठरवावे. जुने विदेशी शस्त्र घेताना सुटे भाग मिळण्याची अडचण आणि अवाच्या सवा किंमत यांचाही विचार करावा.

या साऱ्याचा विचार करता, केवळ स्वसंरक्षणासाठी पहिले शस्त्र घेणाऱ्या डावखुऱ्याला पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरे, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये मोडून उघडणारे अधिक सोयीचे, असे म्हणता येईल. बाजूला उघडणारे घ्यायचेच असेल, तर भरण्या-उतरवण्याची एकच पद्धत ठरवून ती हाताला पक्की बसवावी.

खरी जोखीम

शस्त्र साफ करताना, भरताना किंवा 'रिकामेच आहे' या समजुतीने हाताळताना अपघात घडतात. डावखुऱ्याला याच वेळी शस्त्र एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावे लागते, म्हणून त्याचा धोका अधिक. हात बदलण्यापूर्वी बोट चापाबाहेर आणि नळी सुरक्षित दिशेला, हा नियम एकदाही मोडू नये. शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र परवान्यासाठी आवश्यक आहे. आपण डावखुरे आहोत हे प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगावे. उजव्या हाताने शिकून डाव्याने वापरणे ही अर्धवट विद्या होय.

घरी शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळी व कुलपात ठेवावीत. मुले असलेल्या घराला तर याला पर्यायच नाही. कर्जाने, आजाराने किंवा कलहाने मन खचलेल्या माणसाच्या हाताशी शस्त्र असणे हा चोराहून मोठा धोका आहे. घरात असे कोणी असेल तर ते शस्त्र काही काळ पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यात कमीपणा नाही.

खासगी बचावाचा हक्क १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे. पण तो मर्यादित आहे. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांची मदत घेण्यास सवड असेल तर हा हक्क उरत नाही. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, हेही परराज्यात धंदा करणाऱ्या गलाई व्यावसायिकाने निघण्यापूर्वी पाहावे. गावच्या परवान्यावरचे शस्त्र तेवढ्यावर दुसऱ्या राज्यात नेता येत नाही.

सोबतीला माणूस, प्रवासाची बदलती वेळ, विमा आणि मजबूत तिजोरी या गोष्टींना डावे-उजवे नसते. त्यांची सोय आधी करावी. त्यानंतरही शस्त्राची गरज उरली, तरच दुकानाची पायरी चढावी आणि ते आपल्या हाताला साजेल असेच निवडावे.