दृष्टिपटल शस्त्रक्रियेनंतरचा वाढलेला नेत्रदाब

दृष्टिपटल शस्त्रक्रियेनंतरचा वाढलेला नेत्रदाब ही डोळ्याच्या पडद्यावरील (दृष्टिपटलावरील) शस्त्रक्रियांनंतर उद्भवणारी एक परिचित गुंतागुंत आहे. डोळ्याच्या आतील दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. शस्त्रक्रियेनंतर तो काही तासांत, काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांनीही वाढू शकतो. वेळीच लक्षात आल्यास बहुतेक रुग्णांत औषधांनी तो आटोक्यात येतो. दुर्लक्ष झाल्यास दृक्-तंत्रिकेला (मेंदूकडे दृष्टिसंवेदना नेणाऱ्या नसेला) कायमची इजा होते आणि पडदा जागेवर बसूनही दृष्टी जाऊ शकते. डोळ्यात वायू भरलेला असताना उंचीवर जाणे हे दाब वाढण्याचे एक टाळता येण्याजोगे कारण आहे. त्यामुळे सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगत वसलेल्या कोल्हापूरसारख्या भागात या गुंतागुंतीला विशेष महत्त्व प्राप्त होते.

पार्श्वभूमी

डोळ्याच्या पुढील भागात नेत्रजल सतत तयार होते आणि बुबुळ व पारपटल यांच्यामधील कोनातील जाळीदार ऊतींतून बाहेर वाहून जाते. नेत्रजलाची निर्मिती व निचरा यांचा समतोल बिघडला की नेत्रदाब वाढतो. दाब दीर्घकाळ वाढलेला राहिल्याने दृक्-तंत्रिकेला इजा झाली, तर त्या विकारास काचबिंदू म्हणतात.

पडदा सरकणे, पडद्याला छिद्र पडणे, मधुमेहामुळे डोळ्यात रक्तस्राव होणे इत्यादी विकारांत दृष्टिपटलावर शस्त्रक्रिया करावी लागते. श्वेतपटलावर बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवणे (बकल) ही त्यांतील जुनी पद्धत होय. डोळ्यातील काचाभ द्रव्य काढून टाकण्याची व्हिट्रेक्टॉमी ही पद्धत रॉबर्ट माकेमर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी विकसित केली. व्हिट्रेक्टॉमीनंतर पडदा जागेवर दाबून धरण्यासाठी डोळ्यात हवा, वायू किंवा सिलिकॉन तेल भरले जाते.

कारणे

वायू: यासाठी प्रामुख्याने सल्फर हेक्झाफ्लोराइड व परफ्लुओरोप्रोपेन हे वायू वापरतात. शुद्ध स्वरूपात डोळ्यात सोडल्यास रक्तातील नायट्रोजन व इतर वायू बुडबुड्यात शिरतात. त्यामुळे पहिला वायू सुमारे दुप्पट, तर दुसरा सुमारे चौपट फुगतो. म्हणून डोळा पूर्ण भरताना वायूत हवा मिसळून तो विरल केला जातो. मिश्रणाचे प्रमाण चुकल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत दाब झपाट्याने वाढतो. रुग्ण उताणा झोपल्यास बुडबुडा भिंग व बुबुळ पुढे ढकलतो आणि निचऱ्याचा कोन बंद होऊ शकतो. पालथे किंवा विशिष्ट कुशीवर झोपण्याची सूचना पडद्याला आधार मिळावा म्हणून जशी दिली जाते, तशीच ती या कारणासाठीही महत्त्वाची असते.

सिलिकॉन तेल: तेल प्रमाणापेक्षा जास्त भरले गेल्यास किंवा ते बाहुलीतून पुढे आल्यास दाब वाढतो. नैसर्गिक भिंग काढलेल्या डोळ्यात तेलामुळे बाहुलीचा मार्ग बंद पडू नये म्हणून बुबुळाच्या खालच्या भागात एक छोटे छिद्र ठेवतात. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते आणि खालचे छिद्र नेत्रजलासाठी मोकळे राहते. कालांतराने तेलाचे सूक्ष्म थेंब होऊन ते निचऱ्याच्या जाळीत अडकतात. असा दाब महिन्यांनंतर वाढतो आणि काही वेळा तेल काढल्यावरही कमी होत नाही.

स्टेरॉइड: सूज कमी करण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांमुळे किंवा इंजेक्शनामुळे काही व्यक्तींचा नेत्रदाब वाढतो. हा परिणाम बहुधा काही आठवड्यांनी दिसतो. जुनी चिठ्ठी दाखवून हे थेंब परस्पर विकत घेत राहणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

इतर कारणे: घट्ट बसलेल्या बकलमुळे डोळ्यातील शिरांचा प्रवाह अडणे, व्यापक लेसर उपचारानंतरची सूज, डोळ्यातील दाह, जुन्या रक्तस्रावातील पेशींनी निचऱ्याची जाळी तुंबणे, तसेच आधीपासून असलेला काचबिंदू ही अन्य कारणे होत.

उंची, घाटप्रवास आणि कोल्हापूर

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. बाहेरचा दाब घटला की बंदिस्त वायू प्रसरण पावू पाहतो. मात्र डोळ्याचे कवच फारसे ताणले जात नाही आणि नेत्रजल बाहेर पडून जागा मोकळी होण्यास वेळ लागतो. परिणामी चढ जितका वेगाने चढला जाईल, तितका नेत्रदाब अधिक वाढतो.

मुंबई, रत्नागिरी किंवा गोवा येथे शस्त्रक्रिया करून वायू भरलेल्या डोळ्यासह कोल्हापूरला परतणाऱ्या रुग्णाला हा धोका संभवतो. रत्नागिरीहून आंबा घाट आणि सिंधुदुर्गातून करूळ, फोंडा किंवा आंबोली घाट चढताना उंचीतील बराचसा फरक थोड्या वेळात पार होतो. पुणे व कोल्हापूर यांच्या उंचीत फारसा फरक नसला, तरी वाटेत कात्रज व खंबाटकी यांसारखे चढ लागतात. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरील पन्हाळा कोल्हापूरपेक्षा जवळपास ४०० मीटर उंच असल्याने तेथील छोटी सहलही या काळात वर्ज्य मानावी लागते.

याउलट कोकणातून कोल्हापूरला येऊन शस्त्रक्रिया करवून घेणारा रुग्ण घरी जाताना घाट उतरतो. उतरताना वायू आकुंचन पावतो व डोळा तात्पुरता मऊ पडतो. पुढील काळात रिकाम्या जागेत नेत्रजल साठून दाब पूर्ववत होतो. असा रुग्ण तपासणीसाठी पुन्हा घाट चढून आल्यास वायू नव्याने प्रसरण पावतो आणि दाब वाढतो. त्यामुळे रुग्णाचे गाव कोठे आहे आणि तो कोणत्या मार्गाने येणार-जाणार आहे, ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच शल्यचिकित्सकाला मिळणे उपयुक्त असते. सिलिकॉन तेल द्रवरूप असल्याने उंचीनुसार असे फुगत नाही. म्हणून प्रवास अपरिहार्य असल्यास तेलाचा पर्याय विचारात घेतला जातो.

विमानप्रवासात धोका अधिक असतो. प्रवासी विमानातील हवेचा दाब साधारणतः १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका ठेवलेला असतो. बुडबुडा विरघळेपर्यंत विमानप्रवास निषिद्ध असतो. हवा साधारण आठवडाभरात, सल्फर हेक्झाफ्लोराइड सुमारे दोन आठवड्यांत आणि परफ्लुओरोप्रोपेन सहा ते आठ आठवड्यांत विरघळते. याच काळात दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेसाठी भूल देताना नायट्रस ऑक्साइड वापरू नये, कारण तो वायू बुडबुड्यात वेगाने शिरून त्याला फुगवतो. त्यासाठी रुग्णाच्या मनगटावर सूचनापट्टी बांधण्याची पद्धत आहे.

लक्षणे

डोळ्यात व कपाळात तीव्र वेदना, मळमळ, उलटी, डोळा लाल होणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे आणि दृष्टी अधिक अंधुक होणे ही दाब अचानक वाढल्याची लक्षणे आहेत. वायू भरलेल्या डोळ्याला सुरुवातीला तसेही अंधुक दिसते, आणि शस्त्रक्रियेनंतर थोडे दुखणारच, अशी समजूत असते. त्यामुळे ही लक्षणे अंगावर काढली जातात. उलट्या पित्तामुळे होत आहेत असे समजून पोटाचे औषध घेतले जाण्याचीही शक्यता असते. दाब फार वाढल्यास दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा थांबतो. अशा वेळी उजेडही दिसेनासा होणे ही तातडीची अवस्था असते. हळूहळू वाढणाऱ्या दाबाची मात्र कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. तो तपासणीतच कळतो.

निदान

नेत्रदाब टोनोमीटरने मोजतात. गोल्डमन टोनोमीटर हे त्यासाठीचे प्रमाण उपकरण मानले जाते. जुन्या पद्धतीचे शिओट्झ टोनोमीटर वायू भरलेल्या डोळ्यात प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवते, त्यामुळे अशा रुग्णांत त्यावर विसंबत नाहीत. दाबाबरोबरच निचऱ्याचा कोन, बुडबुड्याचे आकारमान, पुढे आलेले तेल आणि दृक्-तंत्रिकेची स्थितीही तपासली जाते.

उपचार

उपचार कारणानुसार ठरतात. प्रथम टिमोलॉल, ब्रिमोनिडीन, डॉर्झोलामाइड यांसारखे थेंब दिले जातात. दमा असणाऱ्यांना टिमोलॉल देत नाहीत. दाब जास्त असल्यास ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या किंवा शिरेतून मॅनिटॉल दिले जाते. मूत्रपिंडाच्या रुग्णांत ही औषधे जपून वापरावी लागतात. वायू जास्त झाल्यास सुईने थोडा वायू काढून घेतात. बाहुलीचा मार्ग बंद झाल्यास लेसरने बुबुळाला छिद्र पाडतात. स्टेरॉइडमुळे दाब वाढला असल्यास ते वैद्यकीय सल्ल्याने कमी करतात किंवा बदलतात. पडदा स्थिर झाल्यावर, बहुधा तीन ते सहा महिन्यांनी, तेल काढले जाते. एवढ्यानेही दाब न उतरल्यास काचबिंदूची शस्त्रक्रिया, निचरा-नलिकेचे रोपण किंवा लेसर उपचार करावे लागतात. मदुराई येथील ऑरोलॅब संस्थेने तयार केलेले निचरा-रोपण भारतात वापरले जाते.

प्रतिबंध

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी व पुढे ठरलेल्या तारखांना नेत्रदाब तपासणे हा प्रतिबंधाचा मुख्य भाग होय. मधुमेह, तीव्र लघुदृष्टिता किंवा घराण्यात काचबिंदू असलेल्या रुग्णांत अधिक दक्षता घेतली जाते. दूर राहणाऱ्या रुग्णाने वायूचे नाव नोंदवलेले कागद जवळ बाळगावेत आणि बुडबुडा विरघळेपर्यंत शस्त्रक्रियेच्या ठिकाणाच्या उंचीवरच मुक्काम करावा. ते शक्य नसल्यास, डोळ्यात वायू शिल्लक असताना घाट चढण्यापूर्वी शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा. वेदना किंवा उलट्या सुरू झाल्यास शस्त्रक्रिया केलेल्या शहरात परतण्याची वाट न पाहता जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडून त्वरित दाब मोजून घेणे आवश्यक असते.