थांबलेले घड्याळ आणि मावळलेला चंद्र

कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी मी गेली अठरा वर्षे गोळा करतो आहे. पदवी वाणिज्य शाखेची, नोकरी पतपेढीतली; इतिहासाची पद्धत शिकलो ती वाचत आणि चुकत. एक नियम मी स्वतःपुरता करून घेतला होता : तीन माणसांनी वेगवेगळे भेटून एकच तपशील सांगितला, की तो खरा धरायचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा बाहेर लख्ख चांदणे होते, चंद्र झाडाआड दिसत होता, असे पाटण तालुक्यातल्या एका गावात मला तिघांनी नव्हे, पाच जणांनी सांगितले. मी ते एका लेखात छापलेही. पुढे त्या सालचे पंचांग हाती आले. ती रात्र मार्गशीर्ष शुद्ध नवमी-दशमीची. चंद्र चारच्या कितीतरी आधी मावळलेला!

एक माणूस चुकतो हे समजू शकते. पाच जण एकसारखे कसे चुकतील? आणि चुकत असतील, तर माझ्या अठरा वर्षांच्या वह्यांचे काय करायचे?

याच प्रश्नाशी अडलेल्या काहींनी वेगळीच वाट धरली आहे. नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले, असे अनेकांना पक्के आठवत होते. प्रत्यक्षात ते ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले आणि ५ डिसेंबर २०१३ रोजी निवर्तले. फिओना ब्रूम या अमेरिकन लेखिकेने या प्रकाराला 'मंडेला इफेक्ट' हे नाव दिले. इतक्यांची आठवण चुकणार नाही, तेव्हा वास्तवच बदलले असले पाहिजे, समांतर विश्वे एकमेकांना घासून गेली असली पाहिजेत, असे मानणारे पुष्कळ आहेत. मला त्यांची चेष्टा करवत नाही. माझा तीन साक्षींचा नियम आणि त्यांचा तर्क यांत फरक फार थोडा होता.

मला उत्तराच्या जवळ नेले ते इटलीतल्या एका घड्याळाने. २ ऑगस्ट १९८० रोजी बोलोन्या रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला. ८५ माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. स्थानकावरचे घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबले आणि त्याचे छायाचित्र त्या संहाराची खूण बनले. घड्याळ आजही तीच वेळ दाखवते. पण मधली हकिगत अशी, की ते लवकरच दुरुस्त झाले आणि सुमारे सोळा वर्षे बिनबोभाट चालले. १९९६ मध्ये ते बंद पडले, तेव्हा काटे १०.२५ वर कायमचे ठेवायचे ठरले.

स्तेफानिया दे वितो, रोबेर्तो कुबेल्ली आणि सर्जो देला साला या संशोधकांनी, आज घड्याळ बंद आहे हे ठाऊक असलेल्या १७३ जणांना विचारले. १६० जण म्हणाले, स्फोटापासून ते बंदच आहे. त्यांतले १२७ जण म्हणाले, आम्ही ते नेहमी १०.२५ वरच पाहिले आहे. मुलाखत घेतलेले सर्व २१ रेल्वे कर्मचारी यांतच होते. या घड्याळाखालून कामावर जाणारी माणसे! हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे बोलोन्यात वास्तव खरोखरच बदलले होते. पण ते १९९६ मध्ये, माणसांच्या हातांनी. त्यानंतर रोज दिसणारे थांबलेले काटे आठवणीने मागच्या सोळा वर्षांवर पसरून टाकले. समांतर विश्वाविरुद्ध माझा आक्षेप इथेच आहे. विश्व आपोआप बदलत असते, तर आठवणी कुठेही भरकटल्या असत्या. चालू घड्याळाला अकरा वाजलेले कुणाला तरी आठवले असते. त्या जातात एकाच दिशेला, जिथे आपल्याला ते चित्र शोभून दिसते तिथे. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवले होते, की परक्या मुलखातली गोष्ट पुन्हापुन्हा सांगताना इंग्रज वाचक तिच्यातले अनोळखी तपशील आपल्या ओळखीचे करून टाकत.

पंचांग मी पुन्हा उघडले, या वेळी पुढच्या तिथींसाठी. १६ डिसेंबरला पौर्णिमा. धक्के सुरूच होते आणि लोक भीतीने उघड्यावर निजत होते. त्या थंडीतल्या रात्रींना लख्ख चांदणे होते, पहाटेपर्यंत. पाचही जणांनी चंद्र पाहिला होता. फक्त तो पाच-सहा रात्री पुढचा होता. सगळ्या गावाने मग वर्षानुवर्षे ती एकच रात्र एकमेकांना सांगितली. माझे पाच साक्षीदार वेगवेगळे भेटले होते खरे, पण ते वेगवेगळे नव्हतेच.

गेल्या पावसाळ्याआधी त्यांतल्या एका आजींकडे पुन्हा गेलो. भूकंपात त्यांची तान्ही मुलगी भिंतीखाली गेली. मी भीत भीत तिथीचे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या.

"पंचांगात नसंल बाबा," त्या म्हणाल्या, "पर मला तिचं त्वांड दिसलं. उजेड नव्हता, तर त्वांड कसं दिसलं?"

कंदील होता का, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. विचारले नाही. वहीत त्यांचे वाक्य जसेच्या तसे ठेवले आहे आणि समासात तिथी लिहिली आहे.