वाटाण्याचा अंकुर

सीबीडी बेलापूर येथें एका घरीं पुस्तक उघडें ठेवून विजेचें मंडल जोडणारा एक मुलगा आम्हीं पाहिला. पुस्तकाबरहुकूम तारा जोडूनही दिवा लागेना. एलईडीचे पाय उलटे बसले होते. ते फिरवितांच तो लागला. तेव्हां आम्हांस दादासाहेब फाळके आठवले. त्यांची विद्या निराळी, पण शिकण्याची रीत हीच.

१९११ सालीं मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांनीं या विषयावरील पुस्तकें जमविलीं. अतिश्रमानें दृष्टि अधू झाली, तरी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या आरंभीं त्यांनीं लंडन गांठलें व कॅमेरा मागविला. (घरच्यांस काय वाटलें असेल!) परंतु पहिल्याच प्रयोगाला त्यांनीं पुराणकथा घेतली नाहीं. कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचीं चित्रें क्रमानें टिपलीं. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत दिसूं लागली. कोऱ्या फितीच्या कडांना अंधारांत भोकें पाडण्याचें किचकट काम सरस्वतीबाई शिकल्या. आम्हांस तर तेंच अधिक मोलाचें वाटतें. तो अंकुर पाहूनच भांडवल देणारा गृहस्थ तयार झाला, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.